सुईच्या बदल्यात सुई

मे १९९२मध्ये हार्बर लाइन खाडी ओलांडून वाशीला आली आणि पुढची काही वर्षं नेरूळ, बेलापूर, पनवेल अशी सरकत राहिली. नवी मुंबईतलं करावे गाव या मार्गावर, खाडीच्या अलीकडे. सिडकोने १९७०नंतर इथल्या जमिनी घ्यायला सुरुवात केली तेव्हा या पट्ट्यातल्या आगरी-कोळी गावांचं पोट भातखाचरं, मिठागरं आणि खाडीतल्या मासळीवर चालायचं. आज गावाच्या एका अंगाला पाम बीच मार्ग आहे, दुसऱ्या अंगाला सीवूड्सचे मनोरे, आणि टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळीत रोहित पक्ष्यांचे फोटो काढायला येणारी शहरी मंडळी. याच लाइनचं पलीकडचं टोक फार वेगळ्या मुंबईत आहे. मशीद बंदर, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड. १९८०च्या दशकात ब्राउन शुगर, म्हणजे गर्द, मुंबईत आली ती या गोदीकडच्या, डोंगरी-ग्रँट रोडकडच्या गल्ल्यांत पुड्यांनी विकली जाऊ लागली, आणि ‘गर्दुल्ला’ ही शहराच्या ओळखीची एक आकृती झाली.

महाराष्ट्राने त्या संकटाला जे उत्तर दिलं त्याचा अभिमान वाटावा असा भाग मोठा आहे. फादर ज्यो परेरा यांची कृपा फाउंडेशन १९८१पासून वांद्र्यात उभी होती. अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यात सापडलेल्या मुलांवर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी एक लाख रुपये दिले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याला मुक्तांगण सुरू झालं. डॉ. अनिता अवचटांनी ते घराच्या मायेने चालवलं. या सगळ्या कामाचा रोख एकच होता: माणूस व्यसनातून पूर्ण सुटला पाहिजे. सरकारचा रोख त्याहून सरळ होता. १४ नोव्हेंबर १९८५पासून अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा लागू झाला आणि नशा करणं हाच गुन्हा ठरला. म्हणजे व्यसनी माणसासाठी दोन दारं उघडी होती, व्यसनमुक्ती केंद्राचं आणि तुरुंगाचं. या दोन्ही दारांत न शिरणारा, उद्याही नशा करणारच असा जो माणूस पुलाखाली पडलेला होता, त्याच्याबद्दल कुणी काही ठरवलेलं नव्हतं.

त्या काळी ते फारसं खटकलंही नाही, कारण मुंबईचा गर्दुल्ला बहुतेक करून ओढणारा होता. चकचकीत पन्नीवर पावडर, खालून काडी किंवा लायटर, आणि वर येणारा धूर नळीने छातीत. धुराने एड्स होत नाही. १९८६मध्ये चेन्नईत देशातल्या पहिल्या एचआयव्ही बाधितांची नोंद झाली, त्यानंतर लवकरच मुंबईही त्या नकाशावर आली, आणि महाराष्ट्राचं सगळं लक्ष कामाठीपुरा, ट्रकचालक, स्थलांतरित मजूर यांच्याकडे गेलं. ते योग्यच होतं, राज्यातली बहुतांश लागण शरीरसंबंधांतूनच होत होती. सुई ही मणिपूरची भानगड, असं इथे धरून चाललेलं होतं.

१९९०च्या दशकात ते गणित बदललं. पावडर महाग झाली, भेसळ वाढली, आणि ओढण्यात निम्मा माल हवेत जातो हे टर्कीने, म्हणजे नशा न मिळाल्याच्या त्रासाने, तडफडणाऱ्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. तोच माल शिरेतून घेतला तर थोडक्यात भागतं. शिवाय केमिस्टकडे टिडिजेसिकसारखी वेदनाशामक इंजेक्शनं मिळत, ती एव्हिलबरोबर मिसळली की गर्दपेक्षा कितीतरी स्वस्तात काम व्हायचं. पन्नी सुटली, सिरिंज आली. शिर सापडली का हे बघायला रक्त आधी थोडं नळीत ओढून घेतात. ते रक्त सुईत आणि सिरिंजच्या तळाशी राहतं, आणि दुसरा माणूस तीच सिरिंज पाच मिनिटांत आपल्या हाताला लावतो. येल विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत अशा सिरिंजमधला विषाणू सहा आठवड्यांनीही जिवंत सापडला होता. उष्ण हवेत तो लवकर मरतो खरा, पण पाच मिनिटांत मुंबईचं ऊनही काही करू शकत नाही.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे सिरिंज घ्यायला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, काही रुपयांत मिळते, मग वाटून घ्यायची वेळ का यावी? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर रस्त्यावरच मिळतं. ते काही रुपये पुडीत गेलेले असतात. रात्री दुकान बंद असतं. उघडं असलं तरी मळक्या कपड्यांतल्या माणसाला केमिस्ट हाकलतो. खिशात सिरिंज सापडली तर पोलिसाला पुरावा आयता मिळतो, म्हणून कुणी ती जवळ बाळगत नाही, अड्ड्यावरच्या भिंतीच्या फटीत एक खोचलेली असते आणि ती सगळ्यांची असते.

या शेवटच्या कारणाचा परिणाम काय होतो, ते स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहराने सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत महागात दाखवून दिलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे हेरॉइनची लाट आली. पोलिसांनी ठरवलं की सिरिंजा जप्त करायच्या, औषध दुकानदारांनी ठरवलं की व्यसनींना सिरिंज विकायची नाही. हेतू चांगला होता, सुयाच नसतील तर नशा कशी करतील? नशा थांबली नाही, सुया कमी झाल्या, आणि एकेक सुई अनेकांच्या हातांत फिरू लागली. म्युरहाउस नावाच्या गरीब वस्तीत रॉय रॉबर्टसन हे डॉक्टर काविळीच्या तपासणीसाठी व्यसनींच्या रक्ताचे नमुने साठवत होते. एचआयव्हीची चाचणी उपलब्ध झाली तेव्हा त्यांनी तेच नमुने तपासले. १६४ जणांपैकी ५१ टक्के बाधित निघाले. १९८६च्या फेब्रुवारीत हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आलं. तासाभराच्या अंतरावरच्या ग्लासगोत हेरॉइन कमी नव्हतं, पण सिरिंज मिळवणं इतकं अवघड नव्हतं, आणि तिथलं प्रमाण याच्या पासंगालाही पुरत नव्हतं. त्याच वर्षी सरकारी समितीने, मॅकलेलंड समितीने, निर्जंतुक सुया पुरवा अशी शिफारस केली.

सुया बदलून देण्याची मूळ कल्पना त्याआधी दोन वर्षं ॲमस्टरडॅममध्ये निघाली होती आणि ती व्यसनींच्याच संघटनेची होती. शहराच्या मध्यभागातल्या एका औषध दुकानदाराने सिरिंजा विकणं थांबवलं, तेव्हा संघटनेला ब काविळीची भीती वाटली. ती नगरपालिकेच्या आरोग्य खात्याकडे गेली आणि १९८४मध्ये सौदा ठरला: वापरलेली सुई आणा, नवी न्या. एचआयव्हीची चाचणी तेव्हा बाजारात आलेलीही नव्हती. १९८६मध्ये सिडनीच्या डार्लिंगहर्स्ट भागात डॉ. ॲलेक्स वोडॅक आणि सहकाऱ्यांनी कायदा मोडून केंद्र उघडलं. १९८८मध्ये अमेरिकेतल्या टकोमा शहरात डेव्ह पर्चेस हा गृहस्थ घडीचं टेबल फूटपाथवर मांडून एकटाच बसला. सरकारं नंतर आली.

इकडे मणिपूरमध्ये एडिंबराचीच गोष्ट अधिक निर्दयपणे घडत होती. म्यानमारच्या सीमेवरून येणारं पांढरं हेरॉइन, गावोगावची तरुण मुलं, सिरिंज बाळगणाऱ्याला पकडणारी यंत्रणा. १९८९-९०मध्ये तिथे पहिले बाधित आढळले आणि वर्ष सरायच्या आत सुईने नशा करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे बाधित होते. १९९८च्या सरकारी पाहणीत हे प्रमाण ७२.७८ टक्के निघालं. चारातले तीन. चुराचांदपूरच्या शालोम या संस्थेने १९९५च्या सुमारास सुया बदलून द्यायला सुरुवात केली आणि १९९६मध्ये मणिपूरने आपल्या राज्याच्या एड्स धोरणात ‘हानी कमी करणं’ हे तत्त्व स्वीकारलं. देशात असं करणारं ते पहिलं राज्य. दिल्लीत शरण या संस्थेने १९९३पासून ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्या जिभेखाली ठेवायला देऊन इंजेक्शन सोडवायचा प्रयोग चालवला होता.

मुंबईत हे काम रुजवणाऱ्यांत एल्ड्रेड टेलिस यांचं नाव पहिल्या ओळीत घ्यावं लागतं. १९९५मध्ये त्यांनी संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट सुरू केला, तो रस्त्यावरच्या व्यसनींसाठी: ज्यांना घर उरलेलं नाही, केंद्राची फी परवडत नाही, आणि सरकारी इस्पितळात गेलं तर रखवालदारच आत सोडत नाही. काम कसं चालतं ते सांगण्यासारखं आहे, कारण ‘सुया वाटतात’ एवढंच ऐकून लोकांच्या डोळ्यांपुढे भलतंच चित्र येतं. सकाळी पहिली टर्की लागायच्या वेळेला कार्यकर्ता अड्ड्यावर पोचतो. तो बहुधा स्वतः त्याच वाटेने गेलेला आणि परतलेला असतो, म्हणून त्याला ‘पीअर’ म्हणतात. त्याच्या एका हातात नव्या सुया, दुसऱ्या हातात जाड प्लॅस्टिकचा डबा. वापरलेली सुई त्या डब्यात, मोजून. मग जखम दाखव, ताप आहे का, खोकला किती दिवस आहे. शिर चुकली की गळू होतं, ते सडतं, आणि त्या घाणेरड्या जखमेला हात लावायला कुणी तयार नसतं. ड्रॉप-इन सेंटरवर ती धुऊन पट्टी बांधतात, आंघोळीला पाणी आणि चहा देतात, दुपारी दोन तास पाठ टेकायला जागा देतात. माणूस सुईसाठी येतो असं आपण समजतो. पुष्कळदा तो पट्टीसाठी येतो, आणि सुईबद्दलचं बोलणं पट्टी बांधता बांधता होतं. क्षयाची तपासणी, एचआयव्हीची तपासणी, पुढे गोळ्यांवर नेणं, कधी कृपा किंवा मुक्तांगणसारख्या ठिकाणी पाठवणं, हे सगळं त्या ओळखीतून घडतं. व्यसनमुक्ती आणि सुई-बदल यांना एकमेकांचे शत्रू समजणाऱ्यांनी ही साखळी पाहिलेली नसते.

आक्षेप मात्र कमी नव्हते आणि ते सगळे मूर्खपणाचे नव्हते. सरकारी पैशाने नशेचं साहित्य द्यायचं, हे मुलगा गमावलेल्या बापाला कसं सांगणार? कायद्याचीही टांगती तलवार होती. एनडीपीएस कायद्याच्या २९व्या कलमात गुन्ह्याला साहाय्य करणं हाही गुन्हा आहे. सुई देणारा कार्यकर्ता त्यात बसतो का, याचं स्पष्ट उत्तर पुढची वीसेक वर्षं कुणी दिलं नाही. अड्ड्यावर धाड पडली की माणसं पांगायची आणि कार्यकर्ता रिकामा डबा घेऊन परत यायचा.

या कामाचा उपयोग होतो का, हे तपासण्याचा इतिहास मला खुद्द कामाच्या इतिहासाइतकाच वाचनीय वाटतो. सुरुवातीला संशोधक व्यसनींनाच विचारत: तुम्ही सुई वाटून घेता का? त्यांना काय उत्तर अपेक्षित आहे ते समोरच्याला चांगलंच कळायचं. त्यामुळे ‘वाटून घेणं कमी झालं’ असे अहवाल आले की विरोधक हसायचे. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन शहरात नोव्हेंबर १९९०मध्ये सुई-बदलाची गाडी सुरू झाली तेव्हा येल विद्यापीठातल्या एडवर्ड कॅप्लन या गणितज्ञाने माणसांना विचारणंच सोडून दिलं. त्याने प्रत्येक सुईवर क्रमांक घातला. गिऱ्हाइकांनी खोटी नावं घेतली तरी चालत होती. सुई कधी गेली, कधी परत आली, कुणी नेली होती आणि कुणी आणली, याची नोंद ठेवली आणि परत आलेल्या सुयांतल्या रक्तावर एचआयव्हीची चाचणी केली. कार्यक्रमाच्या आधी रस्त्यावरून मिळवलेल्या सुयांपैकी सुमारे दोनतृतीयांश बाधित होत्या. काही महिन्यांत परत येणाऱ्या सुयांमधलं ते प्रमाण साधारण एकतृतीयांशाने उतरलं. तर्क साधा होता. मलेरियात डास जितके दिवस जगतो तितक्यांना चावतो. सुई रस्त्यावर जितके दिवस फिरते तितक्यांच्या हातात शिरते. सुयांचं आयुष्य कमी करा. कॅप्लनने हिशेब मांडला की नव्या लागणी सुमारे ३३ टक्क्यांनी घटल्या असाव्यात. आपल्या निबंधाचं शीर्षकच त्याने असं ठेवलं की सुयांनाच बोलू द्या.

मग १९९७ साल उजाडलं आणि सगळं पुन्हा गढूळ झालं. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये १९८८पासून सुई-बदल चालू होता, सुया लाखांनी वाटल्या जात होत्या, आणि तरीही तिथे एचआयव्हीचा भडका उडाला. दर वर्षी शंभरातल्या अठरा-एकोणीस जणांना नवी लागण होत होती. माँट्रियलच्या संशोधकांना तर आढळलं की सुई-बदल केंद्रात जाणाऱ्यांमध्ये लागण न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आहे. अमेरिकेतल्या विरोधकांना आयतं कोलीत मिळालं, १९८८पासूनची केंद्रीय निधीवरची बंदी तशीच राहिली. पण ज्यांनी हे निबंध लिहिले त्यांचं म्हणणं वेगळं होतं. केंद्रात जे येत होते ते मुळातच सगळ्यांत धोक्यातले होते: दिवसातून अनेक वेळा कोकेन टोचणारे, बेघर. इस्पितळात आजारी माणसं जास्त सापडतात म्हणून इस्पितळ आजार पसरवतं असा निष्कर्ष कुणी काढत नाही. शिवाय कोकेन टोचणाऱ्याला दिवसाला जितक्या सुया लागत होत्या त्यामानाने मिळत होत्या त्या फारच कमी. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये हर्ली आणि सहकाऱ्यांनी जगातल्या ८१ शहरांचा हिशेब मांडला. सुई-बदल असलेल्या २९ शहरांत सुईने नशा करणाऱ्यांमधलं एचआयव्हीचं प्रमाण वर्षाला ५.८ टक्क्यांनी घटत होतं, नसलेल्या ५२ शहरांत ५.९ टक्क्यांनी वाढत होतं.

मला स्वतःला सगळ्यांत पटलेला पुरावा ॲमस्टरडॅमचा आहे, जिथे हे सुरू झालं तिथला. तिथल्या संशोधकांनी व्यसनींच्या एका गटाचा वीस वर्षं पाठपुरावा केला आणि २००७मध्ये निष्कर्ष छापले. ज्यांना फक्त सुया मिळाल्या किंवा हेरॉइनऐवजी द्यायचं मेथाडोन हे औषध फक्त मिळालं, त्यांच्यात ठळक फरक दिसला नाही. ज्यांना पुरेसं मेथाडोन मिळालं आणि सगळ्याच सुया केंद्रातून मिळाल्या, त्यांच्यात एचआयव्ही आणि क काविळीची लागण निम्म्याहून कमी झाली. अर्धवट दिलं तर अर्धवटही फायदा होत नाही, असं ते सांगत होते. पुढे २०१४मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या अंदाजात सुई-बदलाने एचआयव्हीची लागण सुमारे एकतृतीयांशाने कमी होते असं निघालं, म्हणजे कॅप्लनच्या सुया वीसेक वर्षांपूर्वी बोलल्या होत्या तेच.

हे माप हातात घेऊन मुंबईकडे यावं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नाको, दर काही काळाने ठरलेल्या केंद्रांवर नमुने घेते. महाराष्ट्रातल्या सुईने नशा करणाऱ्यांमधलं एचआयव्हीचं प्रमाण २००१ साली ४१ टक्क्यांच्या वर होतं, २००३मध्ये २३च्या आसपास आलं, २००४मध्ये २८ झालं, २००५मध्ये १३पर्यंत उतरलं आणि २००७मध्ये पुन्हा २४वर चढलं. एचआयव्ही असा वर्षाआड लपंडाव खेळत नाही. लागलेली लागण रक्तातून जात नाही. हे आकडे हलतात कारण ते एकदोन केंद्रांवरचे, प्रत्येकी जास्तीत जास्त अडीचशे माणसांचे आहेत. त्या वर्षी कोण आलं, कोण तुरुंगात होतं, कोण मेलं, यावर ते ठरतात. मेलेल्याचं नाव वजा झालं की टक्केवारी सुधारते, हे तर फारच भयंकर. २०१०-११मध्ये राज्याचा आकडा १४ टक्क्यांच्या आसपास आला. सुई-बदलाचं यश म्हणून तो दाखवणारे आहेत. माझ्या मते घट खरी असावी, पण ती कशामुळे झाली हे या आकड्यांवरून सांगणं म्हणजे धूळफेक. मुंबईत कुणी सुयांवर क्रमांक घालून त्या बोलत्या केल्या नाहीत.

मणिपूरचा उतार मात्र डोळ्यांत भरणारा आहे. ७२.७८ टक्क्यांवरून २०१०-११मध्ये १३च्या खाली. तिथेही मृत्यूंचा हिशेब आहे, औषधोपचारांचा आहे. तरी तिथे गावागावांत, चर्चमध्ये, बायकांच्या संघटनांत या विषयावर भांडणं झाली आणि ती होऊन काम वाढलं. मुंबईत असं उघड भांडण झालंच नाही. लागण आधीच पसरल्यावर काम सुरू झालं, ते मोजक्या संस्थांच्या खांद्यावर राहिलं, आणि ज्यांच्यासाठी होतं ते कुणाच्याच मतदार यादीत नव्हते.

सरकारी कार्यक्रमाने या कामाला खरं बळ दिलं ते तिसऱ्या टप्प्यात, २००७पासून. सुई-बदल आणि जिभेखालची गोळी, दोन्ही अधिकृत झालं, केंद्रांना निधी मिळाला, सुया वर्षाचा हिशेब करून येऊ लागल्या. कायद्याच्या आघाडीवर मुंबईचं योगदान आहे. इंडियन हार्म रिडक्शन नेटवर्क या संघटनेच्या याचिकेवर १६ जून २०११ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने एनडीपीएस कायद्यातली सक्तीची फाशी घटनाबाह्य ठरवली. त्या खटल्याचा सुयांशी थेट संबंध नव्हता, पण याचिका घेऊन उभे राहिलेले लोक तेच होते जे सकाळी अड्ड्यांवर जात. २०१४मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. आणि मग आला २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा, जो १० सप्टेंबर २०१८पासून लागू झाला. त्याचं २२वं कलम सांगतं की लागणीचा धोका कमी करण्यासाठी केलेल्या उपायांबद्दल कुणावर फौजदारी किंवा दिवाणी जबाबदारी येणार नाही. आपल्या कायद्यांत कलमाखाली उदाहरणं देण्याची जुनी पद्धत आहे. इथल्या एका उदाहरणात अमुक माणूस नोंदणीकृत सुई-बदल कार्यक्रमात काम करतो, तमुक व्यसनी त्याला वापरलेली सुई देऊन नवी घेतो, आणि दोघांपैकी कुणीही दोषी नाही, असं सरळ लिहिलेलं आहे. पुलाखालचा तो व्यवहार असा संसदेच्या छापील कागदावर आला.

एवढं होऊनही देशाचा आकडा आता खाली जात नाही. सुईने नशा करणाऱ्यांमधलं एचआयव्हीचं प्रमाण २०१७मध्ये ६.२६ टक्के होतं, २०२१मध्ये ९.०३. दिल्लीच्या एम्सने २०१९मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीत अशा माणसांची संख्या साडेआठ लाखांच्या घरात निघाली, आणि कार्यक्रमांची आखणी त्याआधीची अनेक वर्षं दोन लाख धरून चाललेली होती. जिथे चार माणसांना एक डबा पुरायचा होता तिथे तो सोळांत वाटला गेला, मग ॲमस्टरडॅमच्या निष्कर्षाप्रमाणे काय होणार? शिवाय क काविळीचा विषाणू एचआयव्हीपेक्षा कितीतरी चिवट. नुसत्या सुयांनी तो आटोक्यात येतो याचा पुरावा कमकुवत आहे. गोळी आणि भरपूर सुया एकत्र मिळाल्या तर लागण सुमारे तीनचतुर्थांशाने घटते, असं २०१७च्या कोक्रेन आढाव्यात म्हटलं आहे.

करावेकरांनी हे वाचून आपल्या दारापासून लांबचं समजू नये. खाडीपलीकडे न्हावाशेवा बंदर आहे. ऑगस्ट २०२०मध्ये तिथे बांबूसारख्या रंगवलेल्या नळ्यांत भरलेलं १९१ किलो हेरॉइन पकडलं गेलं, कागदोपत्री ती आयुर्वेदिक औषधं होती. जानेवारी २०२५मध्ये नवी मुंबई पोलिसांनी ‘नशामुक्त नवी मुंबई’ मोहीम उघडली, तिचा रोख मुख्यतः एमडीवर, म्हणजे मेफेड्रोनवर, आहे. एमडी बहुधा नाकाने ओढतात. १९८५मध्ये गर्दही मुंबईत धुरानेच घेत होते, आणि ओढणारे टोचणारे कधी झाले ते यंत्रणेला कळलं तेव्हा दहातले चार बाधित होते. मोहीम हवी, धाडी हव्यात, पण धाडीत सिरिंज हा पुरावा म्हणून जमा होऊ लागली की एडिंबरा सुरू होतं, हे पोलीस आयुक्तालयात कुणीतरी सांगायला हवं.

महापालिकेकडे माझं मागणं साधं आहे. नोडनोडच्या आरोग्य केंद्रांत गळवावर पट्टी बांधून मिळावी, नाव-पत्ता न विचारता. जिथे टोचणारे आढळतील तिथे पहिल्या महिन्यापासून सुया आणि गोळी दोन्ही द्या, लागण मोजून मग नव्हे. आणि दिलेल्या-परतलेल्या सुयांचा हिशेब जाहीर करा, म्हणजे वीस वर्षांनी कुणाला मुंबईच्या आकड्यांसारखं चाचपडावं लागणार नाही. गावकीच्या बैठकीत किंवा सोसायटीच्या सभेत अशा केंद्राविरुद्ध ठराव आला, तर हात वर करण्याआधी त्या कायद्याचं २२वं कलम आणि त्याखालचं उदाहरण वाचून घ्या. घरात कुणाला एचआयव्हीची लागण झाल्याची शंका असेल तर नाकोची १०९७ ही हेल्पलाइन मोफत आहे, ती मराठीतही बोलते.